लष्करी रुग्णालयातील परिचर्या सेवा : एका निवृत्त परिसेविकेचे परीक्षण

लष्करी रुग्णालयातील परिचर्या सेवेला मी ५ पैकी ४ गुण देते. माझे धाकटे दीर सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. पाय घसरून खुब्याचे हाड मोडल्यामुळे ते ईसीएचएसमधून, म्हणजे माजी सैनिकांसाठी २००३ साली सुरू झालेल्या आरोग्य योजनेतून, एका लष्करी रुग्णालयात शस्त्रक्रियेसाठी दाखल झाले. जाऊबाईंच्या सोबतीला मी राहिले. राज्य शासनाच्या रुग्णालयांत अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) आणि पुढे परिसेविका (वॉर्डाची प्रमुख सिस्टर) म्हणून नोकरी केलेली असल्यामुळे माझे लक्ष डॉक्टरांपेक्षा सिस्टरांच्या हाताकडे आणि वहीकडे अधिक होते. रुग्णालयाचे नाव देत नाही, कारण हे परीक्षण एका इमारतीचे नसून तेथे चालणाऱ्या कामाच्या पद्धतीचे आहे.

चकचकीत फरशी, ताणून घातलेल्या चादरी आणि वेळेवर येणारा चहा यांचे कौतुक भेटायला येणारा प्रत्येक जण करत होता. मला कौतुक वाटले ते ड्युटी बदलतानाच्या ‘ओव्हर’चे, म्हणजे रुग्ण पुढच्या सिस्टरच्या हवाली करण्याच्या पद्धतीचे. सकाळची सिस्टर दुपारच्या सिस्टरला टेबलापाशी बसून वही वाचून दाखवत नव्हती. दोघी प्रत्येक खाटेपाशी जात, सलाइन किती राहिले आहे ते पाहत, जखमेच्या नळीत किती रक्त साचले आहे ते मोजत, रुग्णाला कुशीवर वळवून पाठ आणि टाचा तपासत आणि मगच सही होई. खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्या मधुमेही माणसाला पाठीला जखम होऊ न देणे ही परिचर्येची खरी परीक्षा असते, आणि त्या परीक्षेत ही मंडळी पूर्ण उतरली. रात्री एक सिस्टर दोन वॉर्ड सांभाळत असली तरी प्रत्येक वॉर्डात प्रशिक्षित नर्सिंग असिस्टंट जवान जागा असे आणि दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद तो स्वतः करत असे.

शस्त्रक्रियेनंतर एका संध्याकाळी दिरांच्या रक्तातील पोटॅशियम कमी असल्याचा रिपोर्ट आला, आणि तरुण डॉक्टरांनी फोनवरूनच सलाइनमध्ये पोटॅशियम क्लोराइड घालण्यास सांगितले. सिस्टरने मात्रा फोनवर परत वाचून दाखवली, केसपेपरवर लेखी ऑर्डर हवी असे शांतपणे सांगितले आणि ती मिळेपर्यंत अँप्यूल फोडले नाही. थोड्या वेळाने डॉक्टर आले, त्यांनी मुकाट्याने ऑर्डर लिहिली, सही केली आणि ते निघून गेले. पोटॅशियम शिरेतून वेगाने गेले तर हृदय बंद पडू शकते, त्यामुळे हा आग्रह योग्यच होता. मात्र हा नियम माहीत नसलेली परिचारिका मला माझ्या नोकरीतही क्वचितच भेटली. आम्हालाही तो पाठ होता. तो बोलून दाखवल्यावर ‘तुम्ही आम्हाला शिकवणार का, सिस्टर?’ हे उत्तर येणार, हेही तितकेच पाठ होते. येथे डॉक्टरांच्या खांद्यावर कॅप्टनचे ३ तारे होते आणि सिस्टरच्या खांद्यावर लेफ्टनंटचे २. अंतर होते, पण दोघेही अधिकारी होते आणि दोघांनाही ते ठाऊक होते.

हे तारे एका दिवसात आलेले नाहीत. २८ मार्च १८८८ रोजी लष्करी रुग्णालयांतील शुश्रूषेची घडी बसवण्यासाठी १० प्रशिक्षित ब्रिटिश परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या, १ ऑक्टोबर १९२६ रोजी भारतीय लष्करी परिचर्या सेवेला कायम स्वरूप मिळाले आणि १९४३ च्या अध्यादेशाने तिच्यातील परिचारिकांना अधिकाऱ्याचा दर्जा दिला. १९६४ पासून पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात परिचर्येचे पदवी शिक्षण मिळते आहे. १९७६ साली गर्ट्रूड अ‍ॅलिस राम मेजर जनरल झाल्या. भारतीय सैन्यात त्या हुद्द्यावर पोहोचलेली पहिली स्त्री डॉक्टर नव्हती, परिचारिका होती, ही गोष्ट आमच्या प्रशिक्षण केंद्रात आम्हाला कोणी सांगितली नव्हती. रुग्णालयाची प्रिन्सिपल मेट्रन, म्हणजे परिचारिकांची प्रमुखदेखील शेवटी कमांडंटच्या, म्हणजे रुग्णालयप्रमुखाच्या हाताखालीच काम करते, हे खरे. तरीही लेफ्टनंटपासून मेजर जनरलपर्यंतची वाट परिचारिकांची स्वतःची आहे, आणि वॉर्डातल्या सर्वांत तरुण सिस्टरलाही आपल्या पाठीशी आपल्याच व्यवसायातील वरिष्ठ उभ्या आहेत याची खात्री असते.

आमच्याकडे, राज्य शासनाच्या रुग्णालयांत, अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका अशी उतरंड आहे आणि कागदावर ती भारदस्तही दिसते. प्रत्यक्षात परिसेविकेच्या वाट्याला हरवलेल्या चादरींचा हिशेब, इंडेंट (सामानाची मागणीपत्रे), न आलेल्या मावशी आणि मामांच्या जागी कोणाला उभे करायचे याची विवंचना येते, आणि मनुष्यबळ किती हवे हे ठरवताना तिला कोणी विचारत नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अध्यापन रुग्णालयात ३ रुग्णांमागे आणि सर्वसाधारण रुग्णालयात ५ रुग्णांमागे १ परिचारिका हवी. मी ज्या वॉर्डात नाइट केल्या तेथे भरलेल्या वॉर्डाला एकच सिस्टर असे आणि जमिनीवर गाद्या टाकून झोपवलेले रुग्ण वेगळेच. मे २०२२ मध्ये राज्यातील परिचारिका बाह्यस्रोतामार्फत होणाऱ्या भरतीविरुद्ध संपावर गेल्या, तेव्हा ‘रुग्णांचे काय?’ हा प्रश्न सर्वांनी त्यांनाच विचारला. खाटेपाशी जाऊन ओव्हर देण्याची पद्धत आम्हीही शिकलो होतो. एका हाताने तीस-चाळीस रुग्णांची इंजेक्शने संपवणाऱ्या बाईकडून ती पाळली गेली नाही, तर दोष तिच्या शिकण्यात शोधू नये.

आता कापलेल्या गुणाविषयी. वॉर्डातील सिस्टर केरळच्या, हरियाणाच्या, मणिपूरच्या होत्या. त्या दिरांना, स्वतः अधिकारी असूनही, लष्करी रीतीप्रमाणे ‘साब’ म्हणत आणि दीर त्यांना ‘मॅडम’ म्हणत. ते ऐकायला फार गोड वाटे. पण जाऊबाईंना हिंदी जेमतेम कळते आणि इंग्रजी मुळीच नाही. भेटीची वेळ काटेकोर, त्यामुळे त्या आत येत तेव्हा सिस्टर औषधांच्या फेरीवर असे, आणि सिस्टर मोकळी होईपर्यंत भेटीची वेळ संपलेली असे. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून पोटावर द्यायचे इंजेक्शन घरी गेल्यावर काही दिवस चालू ठेवायचे होते. डिस्चार्जच्या वेळी त्याबद्दलच्या सूचना इंग्रजीत छापलेल्या कागदावर मिळाल्या आणि तोंडी हिंदीत भरभर सांगितल्या गेल्या. मी नसते तर जाऊबाईंनी ते इंजेक्शन दंडावर दिले असते. महाराष्ट्रातील रुग्णालयातून महाराष्ट्रातल्याच गावी परतणाऱ्या कुटुंबाला मराठीतून लिहिलेला एक कागद देता येऊ नये, ही उणीव किरकोळ मानता येणार नाही. शिवाय रुग्णालयाच्या तपासणीचे (इन्स्पेक्शनचे) दिवस जवळ आले की सिस्टरांचा बराच वेळ रजिस्टरांत जातो आणि रुग्णाच्या अंगाला हात लावण्याचे काम नर्सिंग असिस्टंटांवर सरकते, हेही दिसले.

घरी आल्यावर टाके काढण्यासाठी आणि ड्रेसिंगसाठी आम्ही तालुक्याच्या उपजिल्हा रुग्णालयात जात होतो. तेथे बसायला बाक नव्हता आणि निर्जंतुक ड्रेसिंगचा डबा उघडायच्या आधी दोनदा वीज गेली. पण तेथील सिस्टरने जाऊबाईंना जवळ बसवून घेतले, ‘काकू, आता तुम्ही करून दाखवा’ म्हणत इंजेक्शनची सुई त्यांच्याच हातात दिली, टाचेखाली घडी कशी ठेवायची ते स्वतःच्या ओढणीची घडी करून दाखवले आणि दिरांना वॉकर घेऊन दारापर्यंत चालवले. नातेवाइकाला कामाला लावणे ही सरकारी वॉर्डाची मजबुरी आहे, असे मी नोकरीभर म्हणत आले. ते खरेच आहे, पण त्या मजबुरीतून शिकवण्याचे जे कसब आमच्या मुलींच्या अंगी बाणले आहे ते मला लष्करी वॉर्डात आढळले नाही.

लष्करी सेवेचा अधिकार परिचारिकेला रुग्णासाठी वापरता येतो, पण स्वतःसाठी तिला तो नेहमीच मिळाला असे नाही. लेफ्टनंट सेलिना जॉन यांना १९८८ साली लग्न केल्याच्या कारणावरून सेवेतून काढले गेले. सर्वोच्च न्यायालयाने तो नियम मनमानी ठरवून ६० लाख रुपये देण्याचा आदेश दिला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये. लेकीला या सेवेत पाठवू पाहणाऱ्या पालकांनी तारे पाहावेत आणि ही तारीखही पाहावी.

ज्यांना तेथे दाखल व्हायचे आहे त्यांनी ईसीएचएसचे कार्ड, रेफरल आणि जुने केसपेपर एकाच पिशवीत ठेवावेत, कारण कागद पुरा नसेल तर कोणीही पुढे सरकू देत नाही. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी भेटीची जादा वेळ मेट्रन ऑफिसात मागून घ्यावी आणि घरी जे हाताने करायचे आहे ते सिस्टरसमोर एकदा करून दाखवावे. आम्ही मागितली तेव्हा वेळ लगेच मिळाली. मागायची असते हे मात्र आम्हाला कोणी सांगितले नव्हते.