थंडीत उत्तम, उन्हाळ्यात अपुरे : तयार लाकडी खुराडे

परसातल्या पाच कोंबड्यांसाठी हे तयार लाकडी खुराडे आम्ही गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर घेतले. एक हिवाळा आणि एक उन्हाळा त्यात काढल्यानंतर हे लिहीत आहे. जिथे रात्री गारठ्याच्या आणि उन्हाळ्यातल्या दुपारी काहिलीच्या असतात, तिथे एकाच खुराड्याकडून दोन परस्परविरुद्ध कामे करून घ्यावी लागतात. विकत घेताना मात्र आपण बहुधा थंडीच तेवढी मनात धरतो.

थंडीच्या कसोटीला हे खुराडे उतरले. कोंबडीच्या शरीराचे तापमान 41 अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि पिसे फुलवून ती त्यांत हवा धरून ठेवते, त्यामुळे अंगभर पिसे आलेल्या निरोगी कोंबडीला कोरडी थंडी सहसा बाधत नाही. बाधते ती ओल. रात्रभरचा श्वास आणि ताजी विष्ठा यांतून निघणारी वाफ आत कोंडली, तर अमोनियाचा उग्र दर्प साचतो आणि पारा शून्याखाली गेल्यास ओलसर तुऱ्याला हिमदंश होतो. या खुराड्यात छताच्या लगेच खाली दोन्ही बाजूंना सरकत्या झडपा आहेत. त्या कोंबड्यांच्या डोक्यांपेक्षा बऱ्याच उंचावर असल्याने वारा अंगावर न येता वरच्या वर वाहून जातो. पहिल्या आठवड्यात काळजीपोटी आम्ही त्या बंद ठेवल्या, तेव्हा रोज सकाळी छताच्या आतून पाणी ठिबकत असे. झडपा उघडल्यावर दोन दिवसांत भुसा कोरडा झाला आणि दर्पही गेला. बसण्याची दांडी गोल न ठेवता चपटी आणि 5 सेंटीमीटरहून रुंद ठेवली आहे, हा मला निर्मात्याचा सर्वांत विचारपूर्वक निर्णय वाटतो, कारण अशा दांडीवर बसलेल्या कोंबडीची बोटे पोटाच्या पिसांखाली पूर्ण झाकली जातात. आत तापदिवा टांगण्यासाठी हूकही दिला आहे, पण तो वापरू नये असे मी आग्रहाने सांगेन. कोरडा भुसा, पिसांची धूळ आणि तापलेला दिवा एकत्र आले की आगीचा धोका खरा असतो. पहिल्या आठवड्यात 32 ते 35 अंशांची ऊब लागणाऱ्या पिल्लांची सोय वेगळीच करायला हवी.

उन्हाळ्यात मात्र याच खुराड्याने आम्हाला चिंतेत टाकले. छत म्हणजे नुसता पातळ पत्रा, त्याखाली दुसरा थर नाही, आणि हिवाळ्यात पुरेशा ठरलेल्या झडपा आता फारच अरुंद पडल्या. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. चोच उघडी ठेवून धापा टाकणे, पंख अंगापासून दूर धरणे आणि तुऱ्यातून उष्णता बाहेर टाकणे एवढेच तिच्या हाती असते. दिवस मावळताना कोंबड्या आत शिरत, तेव्हाही आतली हवा तापलेलीच असे, आणि त्या दांडीवर बसून धापा टाकताना पाहणे फार क्लेशकारक होते. अंड्यांची कवचेही पातळ झाली. सतत धापा टाकल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि कवचासाठी लागणारे कार्बोनेट कमी पडते, त्यामुळे कॅल्शियमसाठी ठेवलेला शिंपल्यांचा चुरा समोर असूनही उपयोग होईना. शेवटी पत्र्यावर चार बोटांची फट ठेवून प्लायवूडचे दुसरे छप्पर बसवले, मागची फळी काढून तिथे जाळी लावली आणि पाण्याची भांडी दुप्पट करून सावलीत ठेवली. त्यानंतर धाप कमी झाली आणि काही दिवसांत कवचेही पूर्ववत झाली. काढलेली फळी हिवाळ्यासाठी जपून ठेवली आहे.

अंडी घालण्याच्या पेट्या सोयीच्या आहेत. दांडी हाताने उचलून काढता येते, आणि तिच्या टोकांशी दिवसा दडून रात्री रक्त शोषणारे बारीक लाल परजीवी (माइट) शोधायला ते फार उपयोगी पडते. बाहेरच्या आवाराची षटकोनी जाळी कोंबड्यांना अडवते, पण शिकारी जनावर ती फाडू शकते. आम्ही तिच्या जागी 12 मिलिमीटर छिद्रांची वेल्डिंग केलेली जाळी लावली.

आठ कोंबड्या मावतील, असे माहितीपत्रकात म्हटले आहे. दांडी 120 सेंटीमीटरची आहे आणि प्रत्येकीला 20 ते 25 सेंटीमीटर जागा लागते. थंडीत त्या एकमेकींना बिलगून बसतील, पण उन्हाळ्याच्या रात्री अंतर हवेच असते, म्हणून पाचांपेक्षा जास्त कोंबड्यांसाठी हे खुराडे घेऊ नये.