सायकलचा जुना क्रँकसेट घेताय? आधी डाव्या क्रँकचं भोक पुसून बघा

माझ्या सिंगल स्पीड सायकलच्या चेनव्हीलचे (पॅडलजवळचं दातेरी चाक) दात घासून करवतीसारखे झाले होते म्हणून पुण्यातल्याच एकाची जाहिरात बघून 46 दातांचा, 170 एमएमचा अलॉय क्रँकसेट (चेनव्हील आणि पॅडल लावायचे दोन दांडे, म्हणजे क्रँक) 1800 रुपयांना घेतला. "जेमतेम दोनशे किलोमीटर चाललाय दादा, नवाच समजा." पॉलिश मारलेलं, एक्सल बसतो त्या भोकात ग्रीस भरलेलं, मला वाटलं वस्तू जपणारा माणूस आहे.

घरी जुना क्रँक पुलरने, म्हणजे क्रँक ओढून काढायच्या हत्याराने, काढला (पुलर आधी हाताने पूर्ण आटे बसेपर्यंत फिरवा, अर्धवट धरून जोर लावलात की क्रँकचे आटे गेलेच), एक्सल (दोन्ही क्रँक ज्यावर बसतात तो दांडा) पुसला आणि नवा क्रँकसेट चढवला. उजवी बाजू मस्त बसली. डावी मात्र नुसती हाताने ढकलली तरी जवळपास सगळी आत गेली, 14 एमएमच्या सॉकेट पान्याने बोल्ट आवळल्यावर तर एक्सलचं टोक आणि क्रँकची आतली कड एका लेव्हलला आली. हे चुकीचं आहे. चौकोनी एक्सल निमुळता असतो, क्रँक त्यावर पाचरीसारखा घट्ट चढतो आणि टोकाशी थोडी जागा उरावीच लागते, नाहीतर बोल्ट एक्सललाच टेकतो, क्रँकला दाबतच नाही. मी विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे चालवा, चालवून बसेल. उलट आहे हो, सैल क्रँक चालवला की भोक अजून मोठं होतं!

चौथ्या दिवशी चांदणी चौकाच्या चढावर उभा राहून पॅडल मारत होतो आणि डावा क्रँक पॅडलसकट निघाला. गुडघा फुटला, मागून बस येत होती, ड्रायव्हरने वेळेत ब्रेक मारला म्हणून आज लिहितोय.

घरी येऊन ग्रीस पुसलं तर आत कोल्ड्रिंकच्या कॅनची कापलेली पट्टी, लाल रंग आणि अर्धं अक्षर अजून दिसत होतं, आणि तिच्याखाली भोकाचे कोपरे गोल झालेले. म्हणजे त्याला सगळं माहीत होतं, माहीत असून सैल भोक भरायला पट्टी कापली, घातली, वर ग्रीस भरलं. त्या पट्टीचा फोटो पाठवला, लगेच ब्लॉक.

घेताना फडकं घेऊन जा, विकणाऱ्यासमोर भोक पुसा, चारही कोपरे धारदार हवेत आणि भिंती सपाट. पुसू देत नसेल तर उठून या.

परवा तीच जाहिरात परत दिसली, फोटोही तोच, फक्त चेनव्हीलच्या बाजूचा. डावा क्रँक एकाही फोटोत नाही.