अँचोव्ही: तेलातली, मिठातली, ट्यूबमधली की बाटलीतली?

अँचोव्ही ही आपल्या मांदेलीच्या कुळातली. पण मांदेलीसारखी कुरकुरीत तळून खाऊ म्हणून डबा आणलात, तर पहिल्याच घासाला पाणी मागाल. डब्यातला मासा महिनोन्‌महिने मिठात मुरलेला असतो. बहुतेकदा तो खायचा नसतो, तेलात विरघळवायचा असतो.

महिन्यातून एकदोनदा पास्ता होत असेल, तर काचेच्या बरणीतले, ऑलिव्ह तेलातले फिलेट (काटा काढलेल्या माशाच्या फाकी) घ्या. काच अशासाठी, की आतला मासा दिसतो. तांबूस-तपकिरी, कडा शाबूत असलेला हवा. करडा पडून तळाशी गाळ धरलेला नको. स्पेनच्या कान्ताब्रिया भागातल्या सांतोन्याचे मोठे, मांसल फिलेट नावाजलेले आहेत, पण ते लोणी लावलेल्या पावावर ठेवून खावेत. कढईत घालणं म्हणजे पैसे जाळणं. तिथे स्वस्तातलेही चालतात.

ही बरणी लोणच्यासारखी फडताळात ठेवू नका. डबाबंद ट्यूनासारखी ती उष्णतेने निर्जंतुक केलेली नसते, मिठाच्या जोरावरच टिकते. म्हणून न उघडलेलीही फ्रीजमध्येच. उन्हाळ्यात बाहेर राहिली तर मासा लगदा होतो. जिभेला मिरीसारखा झोंबू लागला तर सरळ टाकून द्या. ते हिस्टामिन, म्हणजे मासा बिघडताना तयार होणारं अपायकारक द्रव्य, शिजवून जात नाही. फ्रीजमध्ये तेल थिजून पांढुरकं दिसतं, ते मात्र बिघडणं नव्हे. उघडल्यावर मासा तेलाखाली बुडालेला राहू द्या.

मिठातली अख्खी अँचोव्ही चवीला सरस. मांस घट्ट, वास स्वच्छ. पण हात खराब करायची तयारी हवी. वरचं मीठ धुऊन मासे १५ ते २० मिनिटं गार पाण्यात भिजवा. मऊ झाले की पोटाकडून अंगठा घालून दोन फाकी करा, मधला काटा शेपटीपर्यंत उचलून काढा, पर खुडा, कागदावर कोरडे करा. एका माशाचे दोन फिलेट. जास्त भिजवलंत तर मीठ जातं तशी चवही जाते. इटलीतल्या पिडमाँटच्या बान्या काउदाला (अँचोव्ही, लसूण आणि तेलाचं गरम बुडवण) माणशी ५० ग्रॅमपर्यंत मासा लागतो. असं काही वरचेवर करणाऱ्यानेच मोठा डबा घ्यावा.

ट्यूबमधली पेस्ट ही सोय, त्यापलीकडे फार नाही. साधारण अर्धा चमचा म्हणजे एक फिलेट. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगला ठीक, पण खारटपणा पुढे आणि मुरलेली चव मागे.

बाटलीतली म्हणजे कोलातुरा: इटलीतल्या चेतारा गावी मिठातल्या अँचोव्हीच्या पिंपातून झिरपणारा सोनेरी अर्क. २०२० पासून त्याला युरोपीय संघाचं संरक्षित नाव आहे. तो शिजवायचा नाही. गॅस बंद केल्यावर माणशी एक चमचा, आणि स्पॅगेटीच्या पाण्यात मीठ अजिबात नको. पहिली खरेदी म्हणून हा नव्हेच.

फिलेट असोत वा पेस्ट, चूक होते ती आचेवर. दोघांच्या २०० ग्रॅम स्पॅगेटीला चार फिलेट पुरतात. तीन चमचे तेल गार असतानाच त्यात लसणाचे काप आणि फिलेट घाला, मंद आचेवर लाकडी चमच्याने दाबत राहा. दोन-तीन मिनिटांत तुकडे फुटून तेल गढूळ तपकिरी होतं आणि माशाचा वास जाऊन खमंग वास सुटतो. तापल्या तेलात टाकलेत तर तडतडून कडक होतात, कडवट लागतात. मीठ शेवटी, तेही चाखून.

व्हिनेगरमधली पांढरी अँचोव्ही, स्पेनचे बोकेरोनेस, ही वेगळीच चीज: आंबट, मऊ, नुसती खायची. ती कढईत विरघळत नाही, म्हणून या हिशेबात धरू नका.

सुकी मांदेली वाटून घातली तर? नाही जमत. ती नुसती वाळलेली असते, मिठात मुरलेली नसते. तेलात कचकच राहते आणि वास सुक्या मासळीचाच येतो. त्यापेक्षा अँचोव्हीचा फिश सॉस जवळचा. लेबलवर मासा आणि मीठ एवढंच असलेला घ्या, एका फिलेटऐवजी अर्ध्या चमच्यापासून सुरुवात करा.