स्टेअरिंग फिरले, पण कन्सोलवर चालले नाही

रेसिंग गेमसाठी जुने स्टेअरिंग विकत घेण्याच्या व्यवहारात माझे एकूण १८,५०० रुपये गेले. ठाणे आणि नवी मुंबईत अशा वस्तूंची जुन्यात खरेदी-विक्री बरीच चालते आणि घेणारे बहुतेक माझ्यासारखे हौशी असतात, म्हणून झालेला प्रकार तपशिलाने लिहीत आहे.

प्लेस्टेशन ४ (पीएस ४) या गेम कन्सोलवर मी दोन वर्षे ‘ग्रॅन टुरिस्मो ७’ हा रेसिंग गेम हातातल्या साध्या कंट्रोलरवर खेळत होतो. कोलशेतला राहणाऱ्या एका मित्राने त्याच्या स्टेअरिंगवर मला प्रथम बसवले, तेव्हा तोच गेम मला नव्याने कळला. वळणात शिरताना स्टेअरिंग हातात जड होत जाते आणि पुढच्या चाकांची पकड सुटू लागली की ते एकदम हलके पडते, त्यामुळे गाडी घसरणार हे डोळ्यांच्या आधी तळव्यांना समजते. जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगचा सुमारे २०.८ किलोमीटरचा जुना ट्रॅक मी अंगठ्याने शेकडो वेळा पार केला होता, पण त्या रात्री पहिल्याच फेरीत माझे खांदे भरून आले आणि तरीही उठवेना. नव्या स्टेअरिंगची किंमत परवडणारी नव्हती, त्यामुळे मी जुन्याच्या शोधाला लागलो.

पंधरा दिवसांनी एका संकेतस्थळावर जाहिरात दिसली. लॉजिटेक कंपनीचे जी २९ हे मॉडेल, तीन पेडल्स आणि गिअरचा दांडा, पीएस ४ वर चालणारे, किंमत १४,००० रुपये आणि ठिकाण नेरूळ. शनिवारी दुपारी मी ठाण्याहून ट्रान्स-हार्बरच्या लोकलने नेरूळला गेलो. विकणारा पंचविशीतला, बोलायला अतिशय नम्र मुलगा होता. “दादा, माझा कन्सोल दुरुस्तीला दिलाय, पीसीवर दाखवतो,” असे म्हणून त्याने स्टेअरिंग संगणकाला जोडले आणि मला खुर्चीत बसवले. स्टेअरिंग उत्तम चालत होते, धक्के जाणवत होते, तिन्ही पेडल्स काम करत होती. जाहिरातीतल्या फोटोत स्टेअरिंगवर प्लेस्टेशनची चौकोन-त्रिकोणाची बटणे होती आणि समोरच्या स्टेअरिंगवर मात्र दोन्ही बाजूंना तीन-तीन साधी बटणे होती, हे मी पाहिले आणि विचारलेही. “हा बाहेरून आणलेला पीस आहे, तिकडे बटणे वेगळी येतात,” हे उत्तर मी मान्य केले. स्टेअरिंगच्या बैठकीखालचा लेबलचा कागद खरवडलेला होता, तेही मी पाहिले होते. हातात स्टेअरिंग आलेले असताना ते परत ठेवून उठण्याची माझी तयारी नव्हती, हे मला आज स्पष्ट दिसते.

घरी आल्यावर जेवणाआधीच मी टेबलाला स्टेअरिंग घट्ट बसवले आणि कन्सोलला जोडले. ते आपोआप पूर्ण डावीकडे गेले, मग पूर्ण उजवीकडे, आणि मध्यावर येऊन स्थिर झाले. त्या क्षणी झालेला आनंद मी विसरलेलो नाही. त्यानंतर मात्र काहीही झाले नाही. गेमला स्टेअरिंग दिसतच नव्हते. वायर काढून परत लावली, दुसऱ्या पोर्टमध्ये लावली, कन्सोल तीनदा बंद करून चालू केला. दर वेळी स्टेअरिंग तसेच डावी-उजवीकडे फिरून मध्यावर थांबायचे.

कोलशेतच्या मित्राने फोटो पाहताक्षणी सांगितले की हे जी २९ नसून जी २७ आहे. जी २७ हे २०१० चे मॉडेल, म्हणजे २०१३ मध्ये आलेल्या पीएस ४ च्या आधीचे. पीएस ३ आणि पीसीवर ते चालते, परंतु पीएस ४ जोडलेल्या उपकरणाकडून जी ओळख मागतो ती देण्याची सोय त्यात नाही. जोडताक्षणी होणारे ते डावे-उजवे फिरणे स्टेअरिंग स्वतःच्या मोजमापासाठी स्वतःच करते, कन्सोलने त्याला ओळखल्याची ती खूण नव्हे. असाच घोटाळा जी ९२० बाबतही होऊ शकतो. ते दिसायला थेट जी २९ सारखे आहे, पण एक्सबॉक्स आणि पीसीसाठी बनवलेले आहे. त्यावरची ए, बी, एक्स, वाय ही अक्षरे पाहिली की ते लगेच ओळखता येते.

विकणाऱ्याला फोन केला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “अहो, कन्व्हर्टर लागतो, मी विसरलोच सांगायला.” जुनी स्टेअरिंग नव्या कन्सोलवर चालवणारे कन्व्हर्टर खरोखरच मिळतात, त्यामुळे चौकशी करूनही मला त्याचे म्हणणे खोटे वाटले नाही. यूपीआयने ४,५०० रुपये पाठवले. ते कन्व्हर्टर आले नाही. आठवडाभराने मी पोलिसांत जाण्याची भाषा केली, तेव्हा सर्व पैसे परत करतो असे सांगून त्याने एक क्यूआर कोड पाठवला. कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर १८,५०० हा आकडा आला आणि खाली पिन मागितला गेला. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, तो फक्त पैसे देण्यासाठी लागतो, एवढे भान मला त्या वेळी राहिले आणि मी तिथेच थांबलो. दुसऱ्या दिवशीपासून त्याचा फोन बंद झाला.

१९३० या सायबर हेल्पलाइनवर मी त्यानंतर तीन दिवसांनी तक्रार केली आणि हा उशीर मला भोवला, कारण तोवर त्या खात्यातली रक्कम काढली गेली होती. पैसे गेल्यापासून पहिल्या काही तासांत फोन झाला तर रक्कम पुढे जाण्याआधी रोखण्याची शक्यता पुष्कळ जास्त असते. पोलीस ठाण्यात मी जाहिरातीचे आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट दिले. तक्रार नोंदवली गेली असून तपास चालू आहे. नेरूळचे ते घर महिन्याभराच्या भाड्याचे होते आणि आता तिथे दुसरेच कुटुंब राहते.

स्टेअरिंग घेण्याच्या विचारात असणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की आपला स्वतःचा कन्सोल पिशवीत घालून न्यावा. त्यावर गेम सुरू करून निदान एक पूर्ण फेरी मारावी आणि बैठकीखालच्या लेबलवरचे मॉडेल वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. कन्सोल लावू देण्यास विकणाऱ्याने कोणत्याही कारणाने नकार दिला, तर उठून यावे.

काल रात्री तीच जाहिरात पुन्हा दिसली. तोच फोटो, तीच चौकोन-त्रिकोणाची बटणे, किंमत १३,००० आणि ठिकाण या वेळी ऐरोली. मी तिची नोंद पोलिसांकडे आणि त्या संकेतस्थळाकडे केली आहे. आज सकाळपर्यंत ती काढलेली नव्हती.