नाव १०५० टीआय, आतली चिप ५५० टीआय: फ्लाइट सिम्युलेटरसाठी घेतलेलं बनावट ग्राफिक्स कार्ड

सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड घ्यायच्या विचारात असाल तर पैसे देण्याआधी हे वाचा. आमचे साडेअकरा हजार गेले. ते माझ्या धाकट्या भावाने शिकवण्या घेऊन साठवलेले होते, म्हणून जास्त लागलं. त्याला पायलट व्हायचंय. खऱ्या विमानातला एकेक तास इतका महाग असतो की चेकलिस्ट, रेडिओवरचं बोलणं, सर्किट (धावपट्टीभोवतीची ठरलेली फेरी) हे सगळं तो घरी सिम्युलेटरमधल्या सेसना १७२ या छोट्या विमानावर घोटून घेत होता.

मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर ऑगस्ट २०२० मध्ये आला, तेव्हा किमान म्हणून जीटीएक्स ७७० हे कार्ड आणि २ जीबी ग्राफिक्स मेमरी सांगितली होती. आमच्या पीसीत होतं त्याहून बरंच कमकुवत जीटी ७१०. मुंबईच्या २७ नंबरच्या धावपट्टीवर उतरायला निघालं की घाटकोपरच्या दाट वस्तीवर चित्र गोठायचं, आणि पुन्हा हलायचं तेव्हा विमान धावपट्टीच्या रेषेतून बाहेर गेलेलं असायचं. अशाने हाताला सवय चुकीची लागते. कार्ड बदलणं भागच होतं. पण साल होतं २०२१. चिपचा तुटवडा आणि क्रिप्टो मायनिंग यांमुळे नवी कार्डं मिळेनाशी झाली होती, मिळाली तरी भाव हाताबाहेरचे. गरजू विद्यार्थी जुन्या मालाकडे वळणार, हे भामट्यांनी बरोबर हेरलं होतं.

जाहिरात होती जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबीची. विकणारा दुसऱ्या शहरातला. भावाने विचारायचं ते सगळं विचारलं. त्या माणसाने व्हिडिओ कॉलवर कार्ड चालवून दाखवलं: विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये (जोडलेल्या भागांच्या यादीत) नाव बरोबर, मेमरी ४०९६ एमबी, एक जुना गेमही सुरळीत. "दादा, सात दिवसांची टेस्टिंग वॉरंटी देतो, बिनधास्त घ्या." पैसे यूपीआयने गेले, कार्ड कुरिअरने आलं. सोबत ड्रायव्हरची (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) लिंक आणि एक सूचना: "हाच ड्रायव्हर टाका. नवीन टाकलात तर कार्ड उडेल."

ही सूचना नीट लक्षात ठेवा. धड चालणाऱ्या कार्डाला एनव्हिडियाचा, म्हणजे चिप बनवणाऱ्या कंपनीचा, अधिकृत ड्रायव्हर चालतो. तो टाकू नका असं विकणारा सांगतो, तेव्हा त्याच्याकडे लपवण्यासारखं काहीतरी असतं.

डेस्कटॉप ठीक, यूट्यूब ठीक. सिम्युलेटरचा नकाशाही उघडला. विमान धावपट्टीवर उभं राहायच्या आत मात्र पडद्यावर रंगीत चौकोन उमटले आणि पीसी बंद पडला. पुन्हा तेच. आधी पॉवर सप्लायवर संशय घेतला, मग रॅमवर. अधिकृत ड्रायव्हर टाकून पाहिला, तर सुसंगत हार्डवेअरच सापडत नाही असा संदेश. शेवटी भावाने जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर चालवलं. कार्डाच्या नावाआधी चौकटी कंसात लिहून आलं: फेक. २०१८ पासून या सॉफ्टवेअरमध्ये अशी कार्डं ओळखायची सोय आहे.

ओळखीच्या रिपेअरिंगवाल्या काकांनी कूलरचे स्क्रू काढले, वाळलेली थर्मल पेस्ट पुसली आणि भिंग भावाच्या हातात दिलं. चिपवर अक्षरं होती जीएफ११६. खऱ्या १०५० टीआयवर जीपी१०७ असतं. म्हणजे आत निघालं मार्च २०११ मध्ये बाजारात आलेलं जीटीएक्स ५५० टीआय. खऱ्या कार्डात ७६८ कोअर (चित्राची गणितं करणारे छोटे भाग), यात १९२. मेमरी १ जीबी.

गंडा घालायची रीत अशी. कार्डावर बायोसची एक छोटी चिप असते. कार्डाचं नाव काय, मेमरी किती, हे विंडोज तिलाच विचारतं. तिच्यात खोटी माहिती भरली की दिसणारं सगळं खोटं. जुना गेम १ जीबीत भागतो, म्हणून व्हिडिओ कॉलवर काहीच कळत नाही. सिम्युलेटर मात्र इमारती, झाडं, ढग भरत जातो आणि नसलेल्या मेमरीत लिहायला गेला की सगळं कोसळतं. म्हणूनच हे भामटे सिम्युलेटर चालवून दाखवत नाहीत. तुम्ही तोच चालवायचा आग्रह धरा. मोठ्या शहरावरून निदान वीस मिनिटं विमान फिरवा, तेही तुमच्या डोळ्यांसमोर, पैसे द्यायच्या आधी.

कार्डाची मागची, मॉनिटरची केबल लावायची पट्टी बघा. आमच्या कार्डाला निळं व्हीजीए पोर्ट होतं. १०५० टीआयच्या पिढीपासून एनव्हिडियाच्या चिपमध्ये ॲनालॉग सिग्नलच नाही, त्यामुळे तिथे व्हीजीए दिसलं तर तिथूनच परत फिरा. खरं १०५० टीआय ७५ वॅटचं, बहुतेक मॉडेलं मदरबोर्डच्या नुसत्या स्लॉटमधल्या विजेवर चालतात. ५५० टीआयला ११६ वॅट लागतात, म्हणून सहा पिनांची केबल जोडावीच लागते.

आता १०५० टीआय कोण घेतंय असं वाटेल, पण नावं बदलली तरी धंदा चालूच आहे. लॅपटॉपची आरटीएक्स ३०६० चिप डेस्कटॉपच्या बोर्डावर बसवून विकतात. तिला ६ जीबी मेमरी असते, खऱ्या डेस्कटॉप ३०६० ला १२, आणि नंतर आलेल्या एका प्रकाराला ८. एएमडी कंपनीचं आरएक्स ५८० म्हणून २०४८ प्रोसेसरवालं कार्ड गळ्यात मारतात, पूर्ण ५८० मध्ये २३०४ असतात. हे आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवा आणि जीपीयू-झेडशी ताडून बघा.

आमच्या विक्रेत्याने आधी "तुमचा पीसी खराब आहे" असं म्हणून हात वर केले, मग नंबर बंद. आम्ही सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर (आता तिचा नंबर १९३०) फोन करून राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, चॅट, कुरिअरची पावती, चिपचा फोटो, सगळं जोडलं. पैसे परत आले नाहीत. हा फोन पैसे गेल्या गेल्या करायचा असतो, कारण रक्कम पुढच्या खात्यांत सरकायच्या आत गोठवता आली तरच हाती लागते. आमचे दिवस पॉवर सप्लाय आणि रॅम तपासण्यात गेले. दुकानदाराकडून बिल घेऊन कार्ड घेतलं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही तक्रार करता येते.

काही महिन्यांनी तोच फोटो दुसऱ्या नावाने पुन्हा जाहिरातीत आला. पंख्याच्या वरच्या कडेला तोच ओरखडा, भाव थोडा कमी. भावाने ती जाहिरात लगेच रिपोर्ट केली. त्या फोटोंमध्ये कार्ड समोरून आहे, वरून आहे, पण मागची पोर्टची बाजू एकाही फोटोत नाही. असा विक्रेता भेटला तर पहिला फोटो त्याच बाजूचा मागा.