एनआरआय मालकांचे फ्लॅट सांभाळणारी वर्धा रोडची एजन्सी: कागदात पक्की, नळात कच्ची

माझे दोन भाऊ आणि मामेबहीण यांनी पैसे एकत्र करून मनीषनगरात टू बीएचके घेतला. थोरला दुबईला, धाकटा न्यू जर्सीत, मामेबहीण मेलबर्नला. नागपुरात मी एकटी, त्यामुळे कुलमुखत्यारपत्र माझ्या नावानं आणि भाडेकरूचे फोनही मलाच. फ्लॅट मात्र एजन्सी सांभाळते. तिचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि एजन्सीच्या मालकाची मुलगी माझ्या वर्गात होती.

त्यांच्याकडे गेलो तेव्हा फ्लॅट घ्यायचा होता. वाटलं, हा माणूस लगेच दोन बिल्डरांचे पत्ते देईल. त्यानं कागद ओढला आणि हिशेब मांडला. फ्लॅट 52 लाखांचा. मुद्रांक शुल्क, नोंदणी, पंखे, ग्रिल, किचनची कपाटं धरून 57. भाडं 17 हजार, म्हणजे वर्षाचे दोन लाख चार हजार. त्यातून एजन्सीचे आठ टक्के, सोसायटीचा मेंटेनन्स, घरटॅक्स काढला की हाती दीड लाखाच्या थोडं वर. पावणेतीन टक्के. तेही घर वर्षभर एक दिवस रिकामं राहिलं नाही तर. "मॅडम, नुसत्या भाड्यासाठी घेऊन राहिले असाल तर बँकेत ठेवा," असं स्वतःचं गिऱ्हाईक घालवणारं वाक्य तो बोलला. भावांनी तरीही घेतला. धाकट्याला मिहानचा, म्हणजे विमानतळाजवळच्या मोठ्या उद्योग प्रकल्पाचा, भरवसा आहे. आम्ही इथले लोक मिहानबद्दल वीस वर्षांपासून ऐकून राहिलो, त्यामुळे मी गप्प बसले. पण एम्स तिकडे झालं, मेट्रो खापरीपर्यंत गेली, त्यामुळे मनीषनगरात भाडेकरू मिळायला त्रास नाही हे खरं.

आठ टक्के फी खरी वसूल झाली ती पैसे यायच्या वाटेवर. भावांचा बेत सोपा होता: तिघांनी माझ्या खात्यात पैसे टाकायचे आणि मी एकच चेक फाडायचा. एजन्सीवाल्यानं हे होऊच दिलं नाही. ज्याचा जेवढा वाटा, तेवढे पैसे त्याच्याच एनआरई किंवा एनआरओ खात्यातून (अनिवासी भारतीयांची इथली बँक खाती; पहिलं परदेशी कमाईसाठी, दुसरं इथल्या उत्पन्नासाठी), नाहीतर परदेशातून थेट बँकेमार्फत. खरेदीखतात 40, 40 आणि 20 टक्के असे वाटे आकड्यात लिहून घेतले. वाटे असे ठरलेले असले की भाड्याचा कर ज्याचा त्याला आपापल्या हिश्श्यावर लागतो. आणि उद्या घर विकलं तर पैसे परत कसे नेता येतील, हे ते आले कोणत्या खात्यातून यावर बरंच अवलंबून असतं. हे दोन्ही मला ठाऊक नव्हतं आणि आधी गाठलेल्या दोन ब्रोकरांपैकी एकानंही सांगितलं नव्हतं. त्यातला एक तर म्हणाला होता, "ताई, भाडं तुमच्याच खात्यात घ्या जी, कोण पाहून राहिलं?"

धाकट्याच्या ऑफिसातल्या एका अमेरिकन मित्रालाही दहा लाख घालायचे होते. तेही जमलं नाही. भारतीय वंशाचा नसलेला, परदेशातच राहणारा परदेशी नागरिक इथे असं घर घेऊ शकत नाही. नवरा किंवा बायको एनआरआय किंवा ओसीआय कार्डवाली (भारतीय वंशाची परदेशी नागरिक) असेल तर दोघांच्या नावावर एक घर घेता येतं, पण त्यालाही लग्न नोंदवलेलं आणि किमान दोन वर्षं टिकलेलं हवं. मित्रासाठी अशी सोय नाही. थोरल्याला उमरेड रोडला शेतीची जमीनही बघायची होती. ती एनआरआयला विकत घेता येत नाही, हे एजन्सीवाल्यानं चहा संपायच्या आत सांगून टाकलं.

कुलमुखत्यारपत्राचं काम चोख झालं. दुबईचं भारतीय वकिलातीतून, न्यू जर्सीचं नोटरी आणि अपोस्टिल (कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून तिथला सरकारी शिक्का) करून. इथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरावा लागतो. ती तारीख एजन्सीतल्या मुलानं लक्षात ठेवली, आम्ही कुणीच ठेवली नव्हती.

आता टीडीएस, म्हणजे पैसे मालकाच्या हाती यायच्या आधीच कापला जाणारा कर. मालक अनिवासी असला की भाडेकरूला भाड्यातून उपकरासकट 31.2 टक्के कापावे लागतात. निवासी मालकाला आहे तशी महिना 50 हजारांची सूट इथे नाही, पहिल्या रुपयापासून कपात. 17 हजारांतले 5,304 सरकारात. त्यासाठी भाडेकरूनं टॅन (कर कापणाऱ्याला लागणारा नंबर) काढायचा, पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत पैसे भरायचे, दर तिमाहीला विवरण द्यायचं. एम्समधला तरुण डॉक्टर आणि त्याची बायको घर पाहून खूश झाले होते. हे ऐकल्यावर दोघं एकमेकांकडे बघायला लागले. एजन्सीनं त्यांचा टॅन काढून दिला, तिमाहीचं विवरण स्वतःच्या सीएकडून भरायचं कबूल केलं आणि ते कामाच्या यादीत लिहूनही दिलं. भाडेकरू टिकला तो यामुळेच. कापलेला पैसा बुडत नाही. एकेकाचा हिस्सा वर्षाला लाखाच्याही आत, त्यात दुरुस्तीपोटी सरसकट 30 टक्के वजावट, आणि भारतात तिघांचं दुसरं उत्पन्न फारसं नाही. विवरणपत्र भरलं की परतावा येतो. पण तोवर पैसा अडकलेला. कपात कमी करून घेण्याचा दाखला मिळतो, त्याचा अर्ज सीएनं केला आहे.

एकाच भाड्याचे तीन देशांत तीन हिशेब होतात ही गंमतच. दुबईवाल्याला तिथे आयकर नाही. न्यू जर्सी आणि मेलबर्नवाल्यांना हे भाडं तिथल्याही विवरणपत्रात दाखवावं लागतं. तेवढा भाग एजन्सीच्या आवाक्याबाहेरचा, आणि त्यांनी तसं सरळ सांगितलं.

करारही रीतसर. अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स, ऑनलाइन नोंदणी, माझा अंगठा घरी येऊन घेतला. मुद्रांक पाचशेच्या आत, नोंदणी हजार रुपये. नोंदणीची जबाबदारी कायद्यानं मालकाची असते आणि ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. "आमच्यात नोटरीवर चालते" म्हणणाऱ्यांनी हे वाचावं. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यातही त्यांनीच दिली.

मग घर चालवायची वेळ आली आणि एजन्सीची हुशारी संपली.

नागपूरचा भाडेकरू आधी कूलरची जागा पाहतो. एजन्सीनं खिडकीबाहेर स्टँड लावला, पण पाण्याची लाइन काढलीच नाही. एप्रिलमध्ये डॉक्टरची बायको बादल्या ओतून राहिली होती. कूलरचा पंप जळला तर माणूस तिसऱ्या दिवशी आला, व्हिजिटचे तीनशे घेतले आणि पंप आणलाच नाही. मे महिन्यात तीन दिवस विनाकूलर म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगून कळणार नाही. शेवटी मीच सीताबर्डीहून पंप आणला. बाथरूमच्या गळतीचीही हीच तऱ्हा: फोटो मागतात, मेसेजवर अंगठ्याचं चिन्ह पाठवतात, प्लंबर येत नाही.

दुसरी तक्रार डिपॉझिटची. चाळीस हजार एजन्सीच्या खात्यात पडून आहेत. घर तिघांचं, पैसा भाडेकरूचा, व्याज मात्र यांना. विचारलं तर "सोयीसाठी जी" एवढंच उत्तर. नूतनीकरणाच्या आधी ते मालकांच्या एनआरओ खात्यांत वळवून घेणार आहे.

पाचपैकी साडेतीन. स्वतः नागपुरात राहून एकट्याच्या नावावरचं घर भाड्यानं द्यायचं असेल तर आठ टक्के कशाला घालवता, ओळखीचा प्लंबर आणि ऑनलाइन करार पुरे. मालक दोन-तीन देशांत पसरलेले असतील तर जा, पण दुरुस्ती किती दिवसांत होईल ते करारात लिहून घ्या. तीन मालक आहेत म्हणून हिशेबाचे वेगळे पाचशे रुपये महिना मागतील. देऊ नका, आम्ही दिले नाहीत.