जुन्या पद्मिनीचं इंजिन: कॉम्प्रेशन गेज की लीक-डाऊन टेस्टर?

प्रीमियर पद्मिनी घ्यायची म्हटलं की पत्रा आणि कागदपत्रं आपण बघतोच. घोडं अडतं ते १०८९ सीसीच्या इंजिनापाशी. कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडणं बंद होऊन २० वर्षांच्या वर झाली, आणि आज विक्रीला येणाऱ्या कितीतरी गाड्या मधली बरीच वर्षं नुसत्या उभ्या असतात. हेड (इंजिनाचं वरचं झाकण) न उघडता आतली तब्येत जाणून घ्यायला मी कॉम्प्रेशन गेजही वापरला आहे आणि लीक-डाऊन टेस्टरही. गेज प्लगच्या जागी लावून सेल्फ मारला की सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते दाखवतो; टेस्टर बाहेरून दाबाची हवा सिलिंडरमध्ये सोडून त्यातली किती टक्के गळते ते दाखवतो.

गेज स्वस्त, पिशवीत मावणारा, जवळपास कुठल्याही गॅरेजमध्ये मिळणारा. आकडा किती आला यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ आहेत का, ते बघायचं. १०-१५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालून जातो. एखादा सिलिंडर मागे असेल तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा सेल्फ मारायचा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलेले, ढिम्म राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारचे दोन सिलिंडर एकदम पडलेले दिसले तर बहुधा गॅस्केटच.

पण हे सगळं सेल्फ दमदार फिरला तर! उभ्या गाडीची बॅटरी उतरलेली असते, नाहीतर सेल्फच कण्हत फिरतो. इंजिन हळू फिरलं की चारही आकडे कमी येतात. मग विकणारा म्हणतो, 'बॅटरी वीक आहे हो,' आणि त्याचं म्हणणं खोडूनही काढता येत नाही. खरंच बॅटरी की चारही बोअर झिजलेले, हे गेज सांगत नाही. दुसरी बॅटरी जोडा, एक्सलरेटर पूर्ण दाबून धरायला माणूस शोधा, पुन्हा मोजा. मला याच गोष्टीचा वीट आला.

लीक-डाऊनला सेल्फ लागतच नाही. प्लग काढून गाडी टॉप गिअरमध्ये टाकायची आणि हातानं हळूहळू ढकलत पिस्टन वर आणायचा. डिस्ट्रिब्यूटरचं टोपण काढून रोटर त्याच सिलिंडरच्या वायरकडे आहे ना, तेवढं बघायचं, क्रम १-३-४-२. मग हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून हवा सोडायची, नाहीतर हवेच्या जोरानं पिस्टन खाली जातो. १० टक्क्यांच्या आसपास गळती म्हणजे उत्तम, २० पर्यंत हरकत नाही, ३० च्या पुढे खर्च धरूनच भाव बोलावा. आणि कान लावला की जागा कळते: कार्बोरेटरमधून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट, नाहीतर हेडला तडा. विकणाऱ्यालाही ते ऐकू येतं, मग वाद फारसा उरत नाही.

अडचण एकच, हवेचा कॉम्प्रेसर लागतो, म्हणजे गाडी गॅरेजमध्ये न्यावी लागते. गाडी गॅरेजपर्यंत न्यायची सोय नसेल किंवा ती रोज चालणारी असेल, तर गेजवर भागेल असं मला वाटतं. पण वर्षानुवर्षं उभी असलेली पद्मिनी घेणार असाल, तर टेम्पोचं भाडं गेलं तरी चालेल, लीक-डाऊन करूनच घ्या.

क्रँकच्या बेअरिंगबद्दल मात्र दोन्ही गप्प. त्यासाठी इंजिन चांगलं तापू द्या, आयडलिंगला ऑइलचा दिवा लुकलुकतो का ते बघा आणि खालून ठोके ऐकू येतात का, तिकडे लक्ष द्या.